परका ते यात्रिक : एका लॅटिन शब्दाचा प्रवास

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच शब्द निवडला आहे. तो मराठी नाही. तो आहे लॅटिन भाषेतला 'पेरेग्रीनुस'. त्याचा मूळ अर्थ 'परका', 'दुसऱ्या मुलखातून आलेला'. हाच शब्द पुढे युरोपभर पसरला आणि त्याचा अर्थ 'यात्रेकरू' असा झाला. इंग्रजी 'पिल्ग्रिम' हे त्याचेच रूप. ज्याला कायद्याने बाहेरचा ठरवले, त्याचे नाव पुढे भाविकांनी आपणहून स्वतःला लावले, हे कसे घडले, हा माझा आजचा प्रश्न आहे.

मराठीच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी 'तुमची मराठी थोडी वेगळी आहे हो' हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण त्या वाक्याने एक रेघ ओढली जाते. परकेपणाचे शब्द कसे जन्मतात आणि कसे पालटतात, हे जाणून घेण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे, ती त्यामुळे.

शेतापलीकडचा माणूस

प्रथम शब्दाची फोड करू. 'आगेर' म्हणजे शेत, शिवार, नगराच्या ताब्यातली जमीन. 'पेर' म्हणजे मधून, पार. शिवार ओलांडून जो गेला किंवा आला, तो 'पेरेग्रीनुस'. यांतला 'आगेर' आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ऋग्वेदातला 'अज्र' म्हणजे मैदान, शेत, हा त्याचा भाऊबंद. ग्रीक 'आग्रोस' आणि इंग्रजी 'एकर' हीही त्याच घरातली. 'पेर' हे संस्कृत 'परि'च्या नात्यातले. इथे एक सावधगिरी सांगते. आपल्या 'कुळागर', 'मिठागर' यांतला 'आगर' कानाला 'आगेर'सारखा वाटतो, पण तो नात्यातला नाही; त्याचे मूळ संस्कृत 'आकर'मध्ये सांगतात. उच्चारातले साम्य पाहून सोयरीक जुळवू नये, हा व्युत्पत्तीचा पहिला धडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

रोमन पंडित वारो याने शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या परंपरेतले जमिनीचे पाच प्रकार नोंदवले आहेत : रोमची, शेजारच्या गाबी गावाची, परक्यांची, शत्रूची आणि अनिश्चित. परक्यांची जमीन आणि शत्रूची जमीन असे दोन वेगळे प्रकार त्यात आहेत. परक्यांची जमीन म्हणजे जिथे शांतता आहे, पण जी आपली नाही. परका म्हणजे शत्रू नव्हे, हा भेद त्या जुन्या शेतकरी समाजाने जमिनीच्या मोजणीतच करून ठेवला होता.

भाषेत मात्र हा भेद सहज टिकला नाही. लॅटिनमध्ये परक्यासाठी याहून जुना शब्द होता, 'होस्तिस'. सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सांगितले आहे की आपले पूर्वज ज्याला 'होस्तिस' म्हणत, त्याला आपण आता 'पेरेग्रीनुस' म्हणतो. पूर्वजांनी शस्त्र घेऊन आलेल्यालाही 'परका' एवढ्या सौम्य शब्दाने संबोधले, याचे सिसेरोला कौतुक वाटते. पण काळाने तो शब्द कठोर केला, परक्याला सोडून तो शत्रूलाच चिकटला, हेही तो लगेच नोंदवतो.

या 'होस्तिस'चे गोत पाहिले तर आणखी गंमत दिसते. त्याचाच जोडीदार 'होस्पेस' म्हणजे यजमान आणि पाहुणाही. त्यातून हॉस्पिटल, हॉटेल, होस्ट हे शब्द आले; 'होस्तिस'मधून 'होस्टाइल' आला. इंग्रजी 'गेस्ट' हा याच मुळाचा जर्मानिक वंशज. एकाच मुळातून शत्रू, यजमान आणि पाहुणा असे तिघे निघाले. परक्याशी कसे वागायचे हे मुळातच ठरलेले नव्हते. ते वागणाऱ्यांनी ठरवले आणि शब्द त्यांच्या मागे गेले.

कायद्यातला परका

'होस्तिस' शत्रूकडे गेल्यावर परक्याची जागा 'पेरेग्रीनुस'ला मिळाली आणि रोमच्या कायद्यात ती पक्की झाली. साम्राज्यात राहणारा, पण रोमचे नागरिकत्व नसलेला स्वतंत्र माणूस म्हणजे पेरेग्रीनुस. आपल्याच गावात, आपल्याच घरात पिढ्यान्पिढ्या राहणारा ग्रीक, सीरियन किंवा गॉल माणूसही कागदावर 'परका' होता. इ.स.पू. 242 च्या सुमारास रोममध्ये एक जादा न्यायाधिकारी नेमला गेला. ज्या वादांत परके लोक गुंतलेले असत ते तो पाही. रोमन कायदा फक्त रोमनांचा, मग या व्यापाऱ्यांचा, खलाशांचा न्याय कशाच्या आधारे करायचा? त्या गरजेतून सर्व लोकांना समान अशा नियमांची कल्पना वाढली. पुढच्या युरोपीय कायदेविचाराला तिचा मोठा आधार झाला.

भाषा आणि नागरिकत्व यांचा संबंध किती ताणता येतो, याचे एक उदाहरण सुएटोनियस या चरित्रकाराने दिले आहे. इ.स. 41 ते 54 या काळात राज्य करणाऱ्या सम्राट क्लॉडियसने ग्रीस प्रांतातल्या एका प्रतिष्ठित पुढाऱ्याचे नाव न्यायपंचांच्या यादीतून काढले, आणि त्याचे नागरिकत्वही काढून घेतले. कारण एवढेच की त्याला लॅटिन येत नव्हते. मूळ मजकुरात शब्द असा आहे की त्याला 'पेरेग्रीनितास'मध्ये, म्हणजे परकेपणात, परत ढकलले. याच सम्राटाने परक्यांना रोमन कुलनावे लावण्यासही मनाई केली होती. भाषा येत नाही म्हणून माणूस परका, आणि परका आहे म्हणून नाव लावायचे नाही. या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आज्ञा आहेत, पण सीमाभागात वाढलेल्यांना त्या फार जुन्या वाटणार नाहीत.

मग इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. हेतू कर वाढवण्याचा होता, असे इतिहासकार डिओ म्हणतो. हेतू काहीही असो, एका आज्ञेने लाखो 'पेरेग्रीनुस' नाहीसे झाले. माणसे तीच, घरे तीच, फक्त कायद्याने त्यांना परके म्हणणे सोडले. कायद्यातले काम कमी झाल्यामुळे शब्द मोकळा झाला, आणि तेव्हाच दुसरीकडून त्याला नवे काम मिळत होते.

ज्यांनी तो शब्द स्वतःला लावला

ते काम दिले ख्रिस्ती समाजाने. बायबलच्या लॅटिन अनुवादात, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, श्रद्धावंतांनी 'आपण पृथ्वीवर परके आणि प्रवासी आहोत' असे कबूल केल्याचा उल्लेख येतो. तिथला शब्द 'पेरेग्रीनी'. खरे घर दुसरीकडे आहे, इथे आपण वाटसरू आहोत, ही ती कल्पना. पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने आपल्या मोठ्या ग्रंथात ईश्वराच्या नगरीला या जगात परदेशी राहणारी नगरी म्हणून रंगवले. ज्या शब्दाने सरकारने लोकांना बाहेर ठेवले, तोच शब्द या लोकांनी स्वतःच्या वर्णनासाठी उचलला. अर्थ बदलण्याचा हा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्या काळी असे दुसऱ्या शब्दाबाबतही घडले. ग्रीकमध्ये 'पारोइकोस' म्हणजे गावात राहणारा, पण गावचा नसलेला. ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या वस्तीला त्यावरून 'पारोइकिया' म्हणू लागली. तेच पुढे लॅटिनमधून इंग्रजीत 'पॅरिश' आणि पोर्तुगीजमध्ये 'पारोकिया' झाले. परक्यांची वस्ती असा अर्थ असलेला शब्द आज गावाच्या अगदी स्थानिक, घरगुती अशा घटकाचे नाव आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिम युरोपातून जेरुसलेम, सिनाई आणि इजिप्तपर्यंत जाऊन आली. तिने लिहिलेल्या वृत्तान्ताची अपुरी प्रत 1884 मध्ये इटलीतल्या आरेझ्झो इथे सापडली. दूरदेशी जाणे आणि पवित्र स्थळी जाणे या दोन गोष्टी अशा माणसांच्या पायांनी एक झाल्या. पवित्र स्थळ घराजवळ नव्हते. तिथे जाणारा प्रत्येक जण वाटेत सर्वत्र परकाच असे. म्हणून 'परका' हा शब्द हळूहळू 'यात्रेकरू' या अर्थाकडे सरकला.

आयर्लंडच्या संन्याशांनी तर परकेपण हीच साधना मानली. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलुम्बानुस आपला देश कायमचा सोडून गॉलमध्ये आणि पुढे इटलीत गेला. 615 मध्ये बोब्बियो इथे त्याचा अंत झाला. कुठल्या तरी विशिष्ट देवस्थानी पोहोचण्यासाठी तो निघाला नव्हता. ईश्वरासाठी गाव, भाषा, गोत सोडून परका होणे, हाच त्याचा उद्देश. जुन्या आयरिश भाषेत यात्रेला 'ऐलिथ्रे' म्हणत. शब्दशः 'दुसरा देश'. म्हणजे त्या भाषेने लॅटिन शब्द न घेता लॅटिन शब्दातली कल्पना तेवढी घेतली.

याच्या शेजारी जर्मन भाषेतला 'एलेंड' ठेवून पाहा. त्याचाही मूळ अर्थ 'दुसरा देश', परागंदा होणे. पण आज त्याचा अर्थ दैन्य, हालअपेष्टा. एका भाषेत दुसरा देश म्हणजे पुण्य, दुसरीत दुर्दशा. रशियन भाषेने दोन्ही बाजू जवळजवळ ठेवल्या : 'स्त्राना' म्हणजे देश, त्यावरून 'स्त्रान्निक' म्हणजे पायी भटकणारा यात्रेकरू आणि 'स्त्रान्नी' म्हणजे विचित्र.

उच्चाराचा प्रवास

आता शब्दाच्या देहाकडे वळू. 'पेरेग्रीनुस'मध्ये दोन 'र' आहेत. बोलणाऱ्यांच्या जिभेला ते जड गेले आणि पहिल्या 'र'चा 'ल' झाला : 'पेलेग्रीनुस'. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. मराठीत हे सतत घडलेले आहे. संस्कृत 'लांगल'मध्ये दोन 'ल' होते, त्यांचा आपला 'नांगर' झाला. 'ललाट'चे प्राकृतातून 'निढळ' झाले. निढळाचा घाम म्हणताना आपण कपाळाचा घाम म्हणत असतो. नांगर आणि निढळाचा घाम ही दोन्ही शेतातलीच उदाहरणे निघाली, हा योगायोग.

'पेलेग्रीनुस' या लोकांच्या तोंडच्या रूपापासून इटालियन 'पेल्लेग्रीनो' आणि फ्रेंच 'पेलरँ' झाले. जुन्या जर्मनमध्ये तो 'पिलिग्रीम' झाला, शेवटच्या 'न'चा 'म' होऊन. आजचा जर्मन 'पिल्गर' त्याचाच. इंग्रजीत 1200 च्या सुमारास फ्रेंचमधून 'पिल्ग्रिम' आला. डच, स्वीडिश, पोलिश, आइसलँडिक या सर्व भाषांत त्याची रूपे आहेत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी मात्र दोन 'र' असलेले जुने रूपच लिखाणात ठेवले.

नंतर पंडितांनी ग्रंथांतून मूळ रूप पुन्हा उचलले, जसे आपल्याकडे तद्भव शब्द असताना तत्सम परत आले. एकाच शब्दाची अशी दोन घराणी झाली : एक वाटेवर घडलेले, एक पोथीतून आणलेले. पोथीतल्या घराण्यातून 'पेरेग्रिन' ससाण्याचे नाव आले. इतर ससाण्यांची पिल्ले घरट्यातून काढून शिकारीसाठी शिकवत; हा पक्षी मात्र प्रवासात असताना पकडला जाई. म्हणून तो 'परदेशी' ससाणा. 1771 मध्ये त्याचे शास्त्रीय नावही तेच ठरले. मराठीत याला 'बहिरी ससाणा' म्हणतात. तिथे कान बहिरे असण्याचा संबंध नाही. 'बहर' म्हणजे समुद्र या अरबी शब्दाशी ते नाव जोडले जाते. दोन्हीकडे लोकांनी त्या पक्ष्याला लांबून आलेला मानले.

यात्रेकरूंच्या खांद्यावरचा आखूड झगा फ्रेंचमध्ये 'पेलरीन' झाला आणि पुढे बायकांच्या पोशाखात गेला. स्पॅनिशमध्ये एखादी कल्पना 'पेरेग्रीना' आहे म्हणजे ती चमत्कारिक आहे. हंगेरियनमध्ये 'पेरेग्रिनात्सिओ' म्हणजे परदेशी विद्यापीठांत शिकण्यासाठी केलेला प्रवास. बाराव्या शतकाच्या मध्यास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्येसाठी परमुलखात हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांना संरक्षण दिले. त्या आदेशातही हेच क्रियापद आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्या जातीचा माणूस कायद्याच्या आश्रयाला आला तो 'परका' म्हणूनच.

शब्द यात्रेकरूकडे गेला, पण सरकारांना आणि शेजाऱ्यांना 'परका' म्हणण्याची गरज होतीच. ती रिकामी जागा दुसऱ्या शब्दांनी भरली. 'बाहेरचा' या अर्थाच्या 'एक्स्त्रानेउस'पासून फ्रेंच 'एत्रांजे', पोर्तुगीज 'एश्त्रांजैरु' आणि इंग्रजी 'स्ट्रेंजर' झाले. 'फोरास' म्हणजे दाराबाहेर, त्यापासून इंग्रजी 'फॉरिन'. हा लॅटिन शब्द आपल्या 'दार' आणि संस्कृत 'द्वार' यांच्या कुळातला आहे. 'फॉरिन' म्हणजे अक्षरशः दाराबाहेरचा. आधी शिवाराबाहेर असलेला परका आता थेट दाराबाहेर उभा केला गेला, आणि आजही पासपोर्टच्या रांगेत हेच शब्द आपल्या वाट्याला येतात.

तेराव्या शतकाच्या अखेरीस दान्तेने 'विता नुओवा'मध्ये दोन्ही अर्थ जपून ठेवले. संकुचित अर्थाने सांतियागोला जाणारा तो पेरेग्रीनो, व्यापक अर्थाने आपल्या मायभूमीबाहेर असलेला कोणीही पेरेग्रीनो, असे तो सांगतो. पुढे काही वर्षांनी, 1302 मध्ये, तो स्वतः फ्लोरेन्समधून हद्दपार झाला आणि परत गेला नाही.

परकी भाषा, शुद्ध भाषा

लेखकांसाठी या शब्दाला आणखी एक बाजू आहे. वक्तृत्वशास्त्रकार क्विंटिलियन म्हणतो की आपले शब्द शक्य तितके कमी 'पेरेग्रीन' असावेत. लगेच तो थिओफ्रास्टसची गोष्ट देतो. थिओफ्रास्टस हा अॅरिस्टॉटलचा शिष्य, मूळचा लेस्बोस बेटावरचा, अथेन्समध्ये आयुष्य घालवलेला आणि उत्तम वक्ता. अथेन्समधल्या एका म्हातारीने त्याच्या बोलण्यावरून त्याला परका म्हणून ओळखले. कशावरून, असे विचारल्यावर तिने उत्तर दिले की तो फारच शुद्ध अॅटिक बोलतो. सिसेरोनेही ही गोष्ट दिली आहे. तिथे प्रसंग बाजारातल्या सौद्याचा आहे आणि वर्षानुवर्षे राहूनही आपण परकेच दिसलो, याचे थिओफ्रास्टसला वाईट वाटते.

आपल्यापैकी अनेकांनी हा मार्ग चोखाळला आहे. आपली मराठी कोणी वेगळी म्हणू नये म्हणून आपण पुस्तकासारखी बोलतो, आणि नेमके त्यावरूनच ओळखले जातो. बोलीत बोललो तर अशुद्ध, प्रमाणभाषेत बोललो तर कृत्रिम. म्हातारीची परीक्षा कोणत्याच बाजूने पास होता येत नाही, कारण परीक्षा भाषेची नसतेच.

याउलट अॅरिस्टॉटल म्हणतो की लोकांना जशी परक्या माणसाची नवलाई वाटते तशी भाषेचीही वाटते, म्हणून लेखकाने भाषेला थोडे परकेपण द्यावे. एकोणिसाव्या शतकातला इटालियन कवी लेओपार्दी आपल्या टिपणवहीत भाषेतल्या सौष्ठवाचा संबंध याच 'पेल्लेग्रीनो' गुणाशी जोडतो. रोजच्या वापराने न झिजलेला शब्द वाचकाला थांबवतो, हा त्याचा मुद्दा. या दोघांचे ऐकले तर दूरच्या केंद्रांतली मराठी ही मराठी लेखकाची अडचण न राहता त्याचे भांडवल ठरते.

गोव्याच्या किनाऱ्यावर

हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही उतरला. फेर्नांव मेंदिश पिंतु हा पोर्तुगीज साहसी प्रवासी 1537 मध्ये पूर्वेकडे निघाला, वीस वर्षे हिंडला, 1554 मध्ये गोव्यात जेझुइट संघात शिरला आणि काही काळाने बाहेर पडला. त्याच्या आठवणींचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1614 मध्ये लिस्बनला छापले गेले. नाव 'पेरेग्रिनासांव'. त्यात व्यापार आहे, लुटालूट आहे, गुलामी आहे. परमुलखात भटकणे हा जुना अर्थ आणि पापपुण्याचा हिशोब मांडणारी यात्रा हा नवा अर्थ, दोन्ही त्या एका नावात आहेत. 1653 च्या इंग्रजी भाषांतराने नाव बदलून सफरी आणि साहसे असे केले, तेव्हा तो दुहेरीपणा गेला.

जेझुइट संघात या शब्दाला खास मान होता. संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सांगितलेल्या आत्मकथनात तो स्वतःचा उल्लेख 'पेरेग्रीनो' असाच करतो. त्या संघाचा एक इंग्रज सदस्य 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले : फादर थॉमस स्टीफन्स. त्या काळच्या गोव्यातल्या धर्मसत्तेचा इतिहास आपण विसरू शकत नाही, आणि विसरूही नये. पण भाषेच्या बाजूने पाहिले तर हा माणूस येथे पूर्ण परका होता, आणि त्याने ओवी छंदात, मराठीची थोरवी गात, हजारो ओव्यांचा ग्रंथ रचला. आज मराठी वाङ्मयेतिहासात त्याला कोणी परका म्हणत नाही.

इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध 'पिल्ग्रिम' म्हणजे जॉन बनियनच्या 1678 च्या रूपककथेचा नायक. ती हरि केशवजी यांनी 1841 मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणली. 'यात्रिक' हा शब्द योग्यच आहे, पण त्यात परकेपणाचा अंश राहत नाही. त्याचे कारण आपल्या परंपरेत आहे. वारकरी पंढरीला निघतो तो परका होण्यासाठी नाही. संतांनी पंढरीला माहेर म्हटले. लॅटिन यात्रेकरू घर सोडून परमुलखात जातो, आपला वारकरी सासर सोडून माहेरी जातो. आणि त्या माहेरी उभ्या असलेल्या देवाला संतांनी प्रेमाने 'कानडा' म्हटले. म्हणजे परकेपण आपल्या यात्रेतही आहे, पण ते देवाकडे आहे. पुढे बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1857 च्या आपल्या कादंबरीला 'यमुनापर्यटन' नाव दिले. 'पर्यटन'मधला 'परि' हा 'पेरेग्रीनुस'मधल्या 'पेर'चा नातलग.

आपले परके

आता आपल्या शब्दांकडे पाहू. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण', 'प्राघूर्णक' यांतून आला. हिंडत आलेला तो पाहुणा. 'परदेशी' हे आज महाराष्ट्रात आडनाव आहे, आणि ते लावणारी घरे पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात. 'उपरा' हा हिणवण्याचा शब्द लक्ष्मण माने यांनी 1980 मध्ये आपल्या आत्मकथनाला नाव म्हणून दिला. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचे दुःख आणि साधूंनी पत्करलेले परकेपण यांची बरोबरी मी करणार नाही; एक लादलेले, एक निवडलेले. पण शब्द बदलण्याची रीत तीच दिसते. ज्याला उद्देशून शब्द वापरला जातो त्याने तो हाती घेतला, की शब्दावरची मालकी बदलते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गुजरातेत आणि माळव्यात मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हटले गेले. गोव्यात आपण घाटावरून आलेल्याला 'घाटी' म्हणतो, आणि त्या शब्दाचा सूर सर्वांना माहीत आहे. परकेपणाची तक्रार करणाऱ्यांकडेही परक्यांसाठी एक शब्द तयार असतोच.

एक अनुभव सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने खाजणशेतीवर निबंध लिहिला होता. भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या दाराला तिने 'मानस' म्हटले, जसे तिचे वडील म्हणतात. बाहेरच्या परीक्षकाने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि 'मन?' असे लिहिले. गुण एक-दोनच गेले असतील. पण त्या शब्दाला प्रमाण मराठीत दुसरा शब्द नाही, कारण ती वस्तूच तिकडे नाही. रेघेखाली गेला तो केवळ एक शब्द नव्हता. वडिलांच्या शेताचे पाणी कसे अडते, हे मराठीत सांगण्याची मुलीची सोय गेली. पुढच्या निबंधात तिने विषय बदलला आणि पावसाळ्यावर लिहिले.

दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त शब्दापुढे कंसात 'गो.' अशी खूण दिसते. ती गोमंतकाची. कोशकारांनी तिथे शब्द कुठला एवढेच सांगितले, शब्द चुकीचा असे म्हटले नाही. ही रीत आपण पुढे न्यावी, अशी माझी अकादमीला विनंती आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या केंद्रांतले शब्द दर वर्षी या नियतकालिकात छापावेत : शब्द, अर्थ, तो कुठे आणि कोणत्या कामात बोलतात, आणि बोलणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य. 'शुद्ध रूप' हा रकाना त्यात नसावा. संकलन विद्यार्थ्यांनी करावे. शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात जाऊन. दहा वर्षांत एक उपयोगी कोश तयार होईल आणि परीक्षकाच्या हाती तो देता येईल.

विनंतीचा दुसरा भाग शिक्षकांसाठी आहे. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत आज कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुलेही बसतात. कोणाच्या घरी कानडी, कोणाच्या घरी लमाणी, कोणाच्या घरी हिंदी. मराठी ती पाटीवर शिकतात. त्यांच्या तोंडचे मराठी आपल्याला खटकते, जसे आपले दुसऱ्यांना खटकते. क्लॉडियसने भाषा येत नाही म्हणून माणसाला परकेपणात ढकलले. आपल्याकडे निदान भाषा शिकायला आलेल्याला तरी कोणी ढकलू नये. उद्या या प्रदेशात मराठी लिहिणाऱ्यांत या मुलांपैकी काही असतील. त्यांच्या घरचे दोन-चार शब्द मराठीत येतील, जसे पोर्तुगीजमधून पगार, चावी, घमेले आणि बटाटा आले, आणि काही वर्षांनी ते कुठले होते हे शोधायला एखादी प्राध्यापिका कोश उघडून बसेल.